शेण, वारा आणि सोनीबाईंचा प्रश्न

प्रवासाहून परतलेली माणसं डोंगरांचे, देवळांचे, फार तर हत्तीवर बसलेल्या स्वतःचे फोटो दाखवतात. माझ्या आल्बममध्ये शेणाच्या विहिरी आहेत, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरातल्या शेगड्या आहेत आणि समुद्रकाठी उभ्या असलेल्या, मुळीच न फिरणाऱ्या पवनचक्क्या आहेत. आमच्या आळीतल्या शेजारणी फोटो बघायला मोठ्या हौसेनं आल्या आणि दोन पानं उलटताच चहाची चौकशी करू लागल्या. मला रागही आला आणि हसूही आलं. हे दाखवून भागायचं नाही, लिहूनच काढायला हवं, असं तेव्हाच ठरवलं.

भिवंडी

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या गावात विजेचा धडा शिकवायला फारसे कष्ट पडत नाहीत. वीज असली की नारपोलीपासून धामणकर नाक्यापर्यंत लूमची खडखड चालू असते आणि आम्ही सगळे ओरडून बोलतो. पाहुण्यांना वाटतं, भांडण जुंपलंय. शुक्रवारी लूमची वीज बंद. त्या दिवशी गावाला चिमण्या ऐकू येतात आणि आम्हाला आपापल्या घरातल्या माणसांचा खरा आवाज कळतो.

पण याच भिवंडी तालुक्यात, वज्रेश्वरीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला कोशिमपाडा आहे, आणि तिथे विजेचा खांबसुद्धा पोचलेला नव्हता. आमच्या महिला मंडळाचं त्या पाड्यावर जाणं-येणं होतं. तिथल्या सोनीबाई ह्या पाड्याच्या धवलेरी, म्हणजे वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणून लग्न लावणारी मानाची बाई. वय पन्नाशीचं, अंगाने काटक, बोलणं तुकडा पाडणारं. त्या सगळ्यांना ‘तू’ म्हणतात, मलाही आणि तहसीलदारांनाही. पण गेली काही वर्षं चुलीच्या धुराने त्यांच्या छातीची पार वाट लागली होती. लग्नात गाणं मध्येच तोडून खोकावं लागायचं. मी त्यांना भिवंडीच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, “धुरातून उठवा यांना, बाकी मी काही करू शकत नाही.”

त्याच सुमाराला मुंबईची एक संस्था पाड्याला गोबरगॅस बांधून द्यायला पुढे आली. मला तर देवच पावला! पण पाड्यावरच्या बैठकीत रावजीकाका उठले. हे सोनीबाईंचे चुलत सासरे, पाड्यातले जाणते. त्यांनी एकच विचारलं, “शेन त्या विहिरीत टाकलं, मंग राब कशानं भाजायचा?”

ज्यांना राब ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताचं रोप ज्या तुकड्यावर करायचं तिथे आमच्याकडे शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर पसरून उन्हाळ्यात भाजतात. त्याने तणाचं बी जळतं, माती मोकळी होते आणि रोप जोमाने येतं. राब बिघडला की रोप बिघडलं, आणि रोप बिघडलं की वर्ष बिघडलं. संस्थेचे साहेब म्हणाले, “गॅसमधून शेणाची जी रबडी बाहेर पडते ती घाला की राबाला.” रावजीकाका म्हणाले, “वली रबडी पेटते काय?” साहेबांनी बॅगेची चेन लावली. जाताना मात्र बजावून गेले की राब टाकायच्या आत पाड्याचा होकार आला नाही, तर योजना दुसऱ्या तालुक्यात जाईल.

सगळ्यांनी सोनीबाईंकडे पाहिलं. त्यांना गॅस हवा होता, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. पण त्या म्हणाल्या, “जिथं हाय तिथं मी माझ्या डोल्यांनी बघून येते. राबाचं उत्तर मिलालं तर हो, न्हाय तर न्हाय. भात सोडून मला गॅस नको.”

झालं! नाताळच्या सुट्टीला रजा जोडून सोनीबाई आणि मी निघालो. कुठे, हा प्रश्नच नव्हता. तेव्हा जो तो गुजरातचं गुणगान करायचा. गुजरातेत घरोघरी गॅस, गुजरातेत पवनचक्क्या, गुजरात बघा आणि शिका. आपल्या सुनेला ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीच्या सुनेचं कौतुक करावं, तसं ते मला लागायचं. शेजारच्या गल्लीत लूम असलेले रशीदभाई मात्र खूश होते. “बाई, हवा पे लूम चलता होगा तो मेरे लिए दो पंखे लेते आना,” ते रिक्षापर्यंत सोडायला येत म्हणाले, “मगर शुक्रवार को भी चलना चाहिए, हां!”

आणंदजवळचं एक गाव

गाडीबद्दल काही लिहीत नाही. गाडीत बसायला जागा मिळाली एवढंच सांगण्यासारखं.

गाव सपाट. इतकं सपाट की सोनीबाई दिवसभर बावरल्यासारख्या इकडेतिकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “बाय, ह्यांचा डोंगर कुठं गेला?” घरं पक्की, अंगणात म्हशी, आणि म्हशीही अशा की आमच्या डोंगरच्या गाई त्यांच्यापुढे शेळ्या वाटाव्यात. दर दोन-चार घरांमागे जमिनीत एक विहीर आणि तिच्यावर लोखंडी पिंप उपडं घातलेलं. आत गॅस साठला की पिंप वर उचललं जातं, वापरला की खाली बसतं. हे चित्र मी मुलींना फळ्यावर कितीदा काढून दाखवलं होतं. खरं पिंप डोळ्यांदेखत वर आलेलं बघून मात्र मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या.

आम्ही जसीबेन पटेलांकडे उतरलो. भरल्या अंगाच्या, हसऱ्या. पाहुण्याच्या ताटात काय हवं ते पाहुण्याला न विचारता ठरवणाऱ्या. बाजरीचा रोटला, त्यावर लोण्याचा गोळा, वांग्याची भाजी, गूळ आणि ताकाचा भला मोठा पेला. डाळीत साखर! मी ती डाळ रोटल्याच्या आड लपवत लपवत संपवली. सोनीबाईंनी सरळ सांगितलं, “ह्ये गोड हाय, मला मिरची दे.” जसीबेननी हसत मिरच्यांची वाटीच पुढे केली. दोघींची भाषेची अडचण अशी झालीच नाही. सोनीबाईंचं माहेर तलासरीकडचं, गुजरातच्या वेशीवरचं. त्यामुळे विज्ञानाची बाई मुकी आणि धवलेरी दुभाषी, अशी आमची वरात होती.

जेवणाआधी सोनीबाई स्वयंपाकघरात जाऊन बसल्या त्या उठेचनात. शेगडीवर निळी ज्योत, वर तवा, आणि थंडी म्हणून जसीबेननी दार लावून घेतलेलं. चूल पेटली असताना दार लावायचं, ही गोष्ट कोशिमपाड्यात कुणाच्या स्वप्नातही आली नसती. सोनीबाईंनी भिंतीवरून हात फिरवला आणि तळवा बघितला. स्वच्छ! मग आढ्याकडे बघितलं. तेही पांढरं. त्या नुसत्या छाती भरून श्वास घेत बसल्या होत्या. मला भरून आलं आणि मी अंगणात जाऊन म्हशी बघितल्या.

मग त्यांनी प्रश्न टाकला. जसीबेननी तो नवऱ्याला सांगितला, नवऱ्याने शेजाऱ्यांना, आणि बघता बघता अंगणात माणसं जमली. माती भाजायची? कशाला? गावात कालव्याचं पाणी होतं, भातही होतं, पण वाफ्यात खत घालून बी फेकलं की काम संपलं. “माटीने बाळवानी?” एक म्हातारेबुवा पुन्हा पुन्हा विचारत राहिले, “बिचारी माटीनो शुं वांक?” मातीचा काय गुन्हा! सगळे हसले, सोनीबाईही हसल्या. पण त्यांच्या पदरात उत्तर काही पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फजिती झाली. फुकट खायचं सोनीबाईंच्या जिवावर आलं असणार. घर उठायच्या आधी त्या गोठ्यात गेल्या आणि शेण भरायचं काम स्वतःच उरकलं. पण शेण कालवायचं म्हणजे काय, हे त्यांच्या हातांना एकाच पद्धतीने ठाऊक होतं. घर सारवायला आमच्याकडे शेणात भाताचं तूस घालून घट्ट मळतात, म्हणजे भिंतीला तडे जात नाहीत. तूस नाही म्हणून त्यांनी बाजरीचा कोंडा घातला, झकास मळलं आणि गॅसच्या नळीत गोळे लोटले. गॅसला हवं असतं पातळ, पाण्यासारखं. नळी गच्च तुंबली.

जसीबेन आल्या, हात घालून बघितलं आणि मटकन खालीच बसल्या. “अरे सोनीबेन, आ तो भींत लींपवानुं छे!” आणि त्या जे हसत सुटल्या ते पदराने डोळे पुसेपर्यंत. सोनीबाईंना जीव नकोसा झाला. घरच्या पुरुषांनी बांबू आणले, पाणी ओतलं, ढोसाढोसी केली. आम्हा सगळ्यांच्या अंगावर शेणाचे शिंतोडे. नळी मोकळी व्हायला दुपार झाली आणि तोवर सगळं घर ताकावर. उरलेला काला वाया जाऊ नये म्हणून सोनीबाईंनी जसीबेनची ओसरी सारवून काढली आणि काठाने बोटांनी असा सुंदर वेल ओढला की आजूबाजूच्या बायका बघायला आल्या. संध्याकाळी जसीबेन त्या ओसरीवर कुणाला पाय ठेवू देईनात. निघताना दोघी गळ्यात पडल्या.

मांडवी

कच्छमधली मांडवी म्हणजे वारा, वाळू आणि उंट. समुद्र आमच्यासारखाच, पण किनारा असा लांब-रुंद आणि मोकळा की बोलावं तेवढं वाऱ्यावर उडून जावं. या वाऱ्यावर वीज करतात, हे मी किती दिवस वाचत होते! लांबून एका ओळीत उभ्या पवनचक्क्या दिसल्या आणि मी सोनीबाईंचा हात धरून वाळूतून धावतच सुटले. जवळ गेलो, तर एकही फिरत नव्हती.

रखवालदार खाटेवर बसून विडी ओढत होता. “बेन, हमणां पवन नथी,” तो शांतपणे म्हणाला. “मे महिनामां आवजो, पछी जोजो!” एवढं धडपडत आलो आणि वारा सुट्टीवर! माझा चेहरा पडला. सोनीबाई मात्र मान वर करून खांब न्याहाळत होत्या. “ह्यावर चढतो कोन?” त्यांनी विचारलं. ताडावर चढून ताडी उतरवणाऱ्यांच्या पाड्यातली बाई, तिला हा प्रश्न पहिला सुचणारच. आतून शिडी आहे, असं कळल्यावर त्यांचा भ्रमनिरास झाला. “शिडीनं काय, मी पन चढेन.”

तिथे मद्रासकडचे एक इंजिनिअर भेटले. देखभालीसाठी आलेले. त्यांचं हिंदी आणि माझं हिंदी यांत कोणाचं जास्त वाईट, यावर पैज लागली असती. त्यांच्या मते खरा वारा त्यांच्याकडे. तुतिकोरीनकडे, डोंगरांच्या खिंडीतून येणारा. “इदर का लोग बोलता हमारा हवा नंबर वन. उदर हम बोलता हमारा. हवा कुच नई बोलता,” असं म्हणून ते स्वतःच खदखदून हसले. राजस्थानात उन्हाच्या पेट्यांत डाळ शिजते, हिमाचलात ओढ्यावर पिठाच्या चक्क्या चालतात, असं ते भराभर सांगत गेले. मला तो हिशेब फार आवडला. ज्याच्या दारात जे फुकट सांडतं ते त्याने वेचावं, यात पुढे कोण आणि मागे कोण?

पण लगेच त्यांनी विचारलं, “आपका महाराष्ट्र में क्या है?” आणि माझं हे सगळं शहाणपण कुठल्या कुठे पळालं. मी अभिमानाने तोंड उघडलं, पण सांगण्यासारखं काही आठवेना. “साखर कारखाने,” असं काहीतरी मी पुटपुटले. तेच म्हणाले, “अरे, देवगड है ना! उदर भी विंडमिल लगाया. देखा नई?” नाही, देखा नई. देवगडला माझी सख्खी नणंद दिली आहे, आणि तिथे पवनचक्क्या आहेत हे मला कच्छच्या वाळूत एका मद्रासी माणसाने सांगावं!

संध्याकाळी आम्ही बाजारातून दाबेल्या आणून त्याच वाळूत बसलो. सोनीबाईंना दाबेली पसंत पडली, कारण एकदाची तिखट. “वारा चांगला हाय,” त्या म्हणाल्या, “पर वाऱ्यावर भात न्हाय शिजत, बाय. आन् हिथं त भातच न्हाय पिकत. कोनाला इचारू? पाड्यावर जाऊन मी काय सांगू?” मी काही बोलणार तेवढ्यात समुद्रावरून वारा उठला. शेवटच्या खांबाचं पातं जरासं हललं, थांबलं, आणि मग ऐटीत फिरायला लागलं. रखवालदाराने लांबून हात हलवला, जणू त्यानेच किल्ली दिली होती. आम्ही दोघी उभ्या राहून ओरडलो. सोनीबाईंना त्या ओरडण्यात खोकला आला आणि खोकता खोकता त्या हसत होत्या.

मी तिथेच ठरवलं. परत भिवंडीला जाऊन रडत बसण्यापेक्षा सरळ देवगडला जायचं.

देवगड

एस.टी.ने हाडं खिळखिळी झाली, पण उतरल्यावर कुसुमवन्संनी दारातच घावणे आणि नारळाचा रस पुढे ठेवला, त्यामुळे हाडं पुन्हा जागेवर आली. कुसुमवन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. आमचा गुजरातचा दौरा ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. “वहिनी, काखेत कळसा नि गावाला वळसा! अगं, इथे आमच्या वाडीत निम्म्या घरांत गोबरगॅस आहे. एक पत्र टाकलं असतंस तर?”

“मग जसीबेनची नळी कोणी तुंबवली असती?” मी म्हटलं. सोनीबाईंनी पदर तोंडाला लावला.

दुपारी पवनचक्क्या बघितल्या. जांभ्या दगडाच्या कातळावर, खाली निळा समुद्र, आणि त्या चक्क फिरत होत्या! मांडवीपेक्षा कमी होत्या की जास्त, हे मी मोजूनही बघितलं नाही. मी इतक्या मोठ्याने “आपल्या!” म्हणून ओरडले की कातळावर चरणारी गुरं दचकली. वन्सं म्हणाल्या, “आपल्या काय, तू पैसे घातलेस का त्यात?” पण त्या दिवशी मला कोणी काही बोललं तरी लागणार नव्हतं.

मात्र देवगडचं खरं दर्शन संध्याकाळी घडलं, वन्संच्या शेजारणीच्या परसात. पारूकाकी म्हणजे काळ्या-सावळ्या, डोईवर अबोलीचा वळेसर, हातात कोयता. माडाच्या मुळाशी त्यांच्या गॅसची विहीर. जमिनीत पुरलेली, वर विटांचा घुमट, लोखंडी पिंप नाहीच. सोनीबाईंनी घुमटावर हात ठेवला आणि अगदी हळू, आता उत्तराची आशा सोडल्यासारखं विचारलं, “तुमी राब भाजता काय?”

“राब? भाजावळ म्हणतस काय गो?” पारूकाकी म्हणाल्या. “भाजतंव तर! भाजावळीशिवाय तरवो येतलो कसो?”

तरवो म्हणजे भाताचं रोप, हे मला वन्संनी कानात सांगितलं. सोनीबाईंना सांगावं लागलं नाही. त्या चटकन उकिडव्या बसल्या. पारूकाकीही समोर बसल्या. आणि दोघी सुरू झाल्या.

“शेन घालतेस?”

“पयलां घालीत होतंव. गॅस इलो, मगे शेण गॅसाक. आता नुसतो पातेरो नि गवत घालून भाजतंव. आणि गॅसातली रबडी सुकवून मागसून वर पसरतंव.”

“भाजल्यावर? गरम असताना?”

“नाय गो बाय, थंड झाल्यार. मगे पेरुचा.”

“तन येतं?”

“आगीन तण मेला, रबडीन तरवो वाडलो. दोगांची कामां येगळी!” पारूकाकी कोयत्याने हवेत दोन रेघा ओढत म्हणाल्या. “पयल्या वर्सा घोव माज्यावर कावलो. तरवो बघल्यान आणि गप रवलो.”

आग तण मारते, रबडी रोप वाढवते. शेण दोन्ही कामं करत होतं म्हणून ती एकच वाटत होती! मी विज्ञान शिकवते, रावजीकाकांचा प्रश्नही मी कितीदा ऐकला होता, तरी साहेबांप्रमाणेच माझंही डोकं तिथपर्यंत गेलं नव्हतं. पण त्याची खंत करायला वेळ कोणाला होता? सोनीबाईंनी पारूकाकींना उठवून शेतावर नेलं. रोपाच्या तुकड्यातली माती मुठीत घेतली, चुरगळली, नाकाला लावली. पातेरा, म्हणजे वाळका पाला, किती जाड टाकायचा, आंब्याचा की फणसाचा, रबडी सुकवताना कोंबड्यांनी उकरली तर काय, असं त्यांचं चाललेलं. “आमच्याकडं सागाची पानं हायेत, ऐनाची हायेत, जंगल भरून हायेत,” सोनीबाई सांगत होत्या. एक ठाण्याकडची वारली, एक मालवणी कुळवाडीण. वन्सं आणि मी बांधावर उभ्या, आमच्याकडे कोणाचं लक्षही नाही. मला इतका आनंद प्रवासात क्वचित झालाय.

निघताना सोनीबाईंनी गाठोडं सोडून उरलेली सुकट पारूकाकींच्या ओटीत घातली. गुजरातच्या शाकाहारी घरात ती मी जीव मुठीत धरून लपवली होती. पारूकाकींनी वास घेऊन पसंतीची मान हलवली आणि बदल्यात कोकमाची सोलं दिली.

कोशिमपाडा

पाड्यावर बैठक भरली. सोनीबाईंनी सगळं सांगितलं. दार लावून चालणारी शेगडी, तुंबलेली नळी (स्वतःची फजिती त्यांनी सगळ्यांत रंगवून सांगितली), झोपलेला वारा, पारूकाकींचा पातेरा. माणसं हसली, बायका पुढे सरकल्या. पण रावजीकाका हसले नाहीत.

“देवगडाची माती येगली, आपली येगली. पातेऱ्यावर राब भाजला आन् रोप पिवलं पडलं, त वरीसभर खायाचं काय? बाप-आजा शेन टाकत आले ते येडे होते?”

त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या तोंडून भूक बोलत होती, हट्ट नाही. संस्थेला द्यायचा होकार-नकार त्या घटकेवर लटकला होता. तेव्हा सोनीबाई उठल्या.

“तुमी तुमचा राब तुमच्या रीतीनं भाजा. मी माझा पातेऱ्यावर भाजते. माझं शेन गॅसाला. माझं रोप मेलं त मी मजुरीला जाईन, कोनाकडं भात मागायला न्हाय येनार. पर बघितल्याबिगर न्हाय म्हनू नका.”

नेमकं याच वेळी त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबली नाही. मग त्यांच्या दोन जावा उठून त्यांच्या बाजूला जाऊन बसल्या. तीन घरं झाली. संस्थेने लहानशी विहीर बांधायचं कबूल केलं.

शेगडी पेटली. त्या दिवशी सोनीबाईंनी झोपडीचं दार लावून घेतलं आणि आम्हा सगळ्यांना बाहेर उभं ठेवलं. आतून हसण्याचा आवाज येत होता. पण तीन घरांची गुरं थोडी, ती दिवसभर डोंगरावर चरणारी, म्हणून गॅस पुरायचा नाही. निम्म्या भाकऱ्या झाल्या की ज्योत मिणमिणायची, उरलेल्या पुन्हा चुलीवर. खोकला कमी झाला, गेला नाही.

मग भाताच्या लावणीच्या दिवसांत एका रविवारी मी गेले. मनात धाकधूक होती, म्हणून कोणाला न विचारता सरळ शेताकडे वळले. सोनीबाईंचं रोप हिरवंगार, दाट, गुडघ्याला लागणारं! स्वतःच्या शेतात लावूनही उरेल एवढं. मी चिखलातच उतरले. सोनीबाई आणि त्यांच्या जावा रोप उपटून मुठी बांधत होत्या आणि चक्क गात होत्या.

तेवढ्यात बांधावर रावजीकाका येऊन उभे राहिले. त्यांचा राब चांगला झाला होता, पण कुंपण मोडून गुरं शिरली आणि निम्मं रोप खाऊन गेली. खालचं शेत नांगरून, पाणी साठवून तयार, आणि लावायला रोप नाही. आमच्या पाड्यांवर रीत आहे, रोप विकत नाहीत आणि कोणी मागितलं तर नाही म्हणत नाहीत. पण मागायला तोंड उघडावं लागतं. काका नुसते उभे.

मग ते वाकले. एक काडी उपटली, मुळं पाण्यात खळबळली, डोळ्यांजवळ धरली. बराच वेळ बघत राहिले.

“मुली पांढऱ्या हायेत,” ते म्हणाले. मुळी पांढरी म्हणजे रोप निरोगी.

“ने काका, लागतं तितकं ने,” सोनीबाई कंबर सरळ करत म्हणाल्या. “रोपाला कोन न्हाय म्हनतंय? पर माझ्या अर्ध्या भाकऱ्या अजून चुलीवर भाजतात.”

काकांनी मुठींचा भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि चालू लागले. शेताच्या कडेला जाऊन थांबले आणि मागे न वळता विचारलं, “शेनाची पाटी कवा आनू?”

“सकाली,” सोनीबाई म्हणाल्या, “भाकरीच्या आदी.”